न्हाणीतल्या बॉयलरची तपासणी कोण करतं?

आमच्या बिद्रीत गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यात दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. बॉयलर थंड करून उघडतात, नळ्यांतला थर काढतात, व्हॉल्व्ह तपासतात. 1923 च्या बॉयलर कायद्याने बॉयलरच्या दाखल्याची मुदत जास्तीत जास्त 12 महिने ठरवली. म्हणजे वाफ व्यवस्थित येत असली तरी वर्षाने तपासणी करायचीच.

घरातला गिझर वाफ बनवत नाही, म्हणून तो या कायद्यात येत नाही. पण बंद टाकी, उष्णता आणि दाब या तिन्ही गोष्टी त्यातही आहेत. तो आपण कधी उघडतो? पाणी गरम यायचं बंद झालं की! मी पीएचडीसाठी धातूंच्या गंजण्याचा अभ्यास करते. त्या नजरेने बघितलं तर गिझरचे महत्त्वाचे भाग झिजण्यासाठीच बसवलेले असतात, आणि ते झिजून संपले तरी पाणी गरम येतच राहतं. खरी अडचण इथेच आहे.

थर कुठून येतो?

आपल्या भागातला खडक बेसॉल्टचा. त्यातून झिरपलेल्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पांढरा थर बसतो. बंबाच्या आतली खपली ती हीच.

छोटा हिशोब करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. तुमचं पाणी 300 चं धरा आणि रोज 100 लिटर तापवा. वर्षाला जवळजवळ 11 किलो क्षार गिझरमधून जातात. त्यातला दहावा भाग जरी आत राहिला तरी किलोभर झाला.

थर बसला की वीजबिल खूप वाढतं, असं सर्रास सांगतात. गॅस गिझरच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे, कारण पाण्यात न शिरलेली उष्णता हवेत निघून जाते. विजेची कॉइल मात्र पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. खरा धोका वेगळा आहे. हा थर तांब्याच्या शेकडो पट कमी उष्णता वाहतो. म्हणून त्याच्याखाली कॉइल जास्त तापते आणि एक दिवस तिचं आवरण तडकतं. मग वीज थेट पाण्याला भिडते. तेव्हा तुम्हाला वाचवतं ते चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. या दोन गोष्टी नसतील तर आधी त्या करून घ्या, बाकी सगळं नंतर.

स्वतः झिजणारी कांडी

साठवणीच्या बऱ्याच गिझरमध्ये कॉइलशेजारी मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला ॲनोड म्हणतात. टाकी पोलादाची, आतून काचेसारखा मुलामा दिलेली. मुलाम्यात बारीक छिद्रं राहतातच. तिथे लोखंड गंजायला हवं, पण मॅग्नेशियम लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून टाकीऐवजी कांडी झिजते.

ही युक्ती जुनी आहे. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले. तांब्याचं झिजणं थांबलं. पण विरघळणारं तांबं समुद्री जीवांना विषासारखं होतं; ते थांबल्यावर तळाला शिंपले चिकटले आणि जहाजं मंदावली! आपल्या टाकीत ती अडचण नाही, फक्त कांडी संपते. पाण्यात क्षार जास्त असतील तर लवकर संपते. आतली तार उघडी दिसू लागली की कांडी बदलायची. टाकी गळायला लागल्यावर कांडी बदलून उपयोग नाही.

दाब आणि व्हॉल्व्ह

25 अंशाचं पाणी 60 अंशाला तापवलं की सुमारे दीड टक्का फुगतं. 25 लिटरच्या टाकीत ते साडेतीनशे मिली होतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात ते बहुतेक वेळा यामुळे. 'गळतंय' म्हणून तिथे बूच मारणं हा सगळ्यात धोकादायक उपाय. थर्मोस्टॅट अडकला, कटआउटही चालला नाही आणि व्हॉल्व्ह बंद असला, तर पाणी 100 अंशाच्या पुढे जातं. मग टाकी फाटली की त्या पाण्याची एकदम वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून जास्त जागा मागते.

थर्मोस्टॅट 60 अंशांच्या आसपास ठेवा. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात, 60 च्या वर मरतात. पण 60 अंशाचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा लहान मुलांच्या बादलीत आधी गार पाणी घ्या.

गॅस गिझर: इथे हयगय नको

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 12-13 घनमीटर हवा लागते. 4 बाय 6 फुटांच्या, 8 फूट उंच न्हाणीत हवाच असते साडेपाच घनमीटर, आणि थंडीत दार-खिडकी गच्च बंद. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, चक्कर येते आणि कडी काढायचंही भान राहत नाही. म्हणून गॅस गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त पाण्याचा नळ आणायचा. ज्वाला निळी हवी. पिवळी दिसली की बंद करून बर्नर साफ करून घ्या.

सोलरवाल्यांसाठी

काचेच्या नळीच्या टोकाला चंदेरी पट्टा असतो. तो पांढरा झाला असेल तर नळीतली निर्वात पोकळी गेली, नळी बदला. टाकीवरचा हवेचा पाइप मोकळा आहे ना, ते बघा. आणि भर दुपारी रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, काच तडकते.

वर्षातून एकदा

घटस्थापनेआधी अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढतो, त्याच आठवड्यात जाणकार मेकॅनिकला बोलवा. वीज बंद करून टाकी रिकामी करायची. कॉइलवरचा थर लिंबूसत्वाच्या पाण्याने काढायचा. फरशी धुवायचं ॲसिड नको, ते धातूही खातं. कांडी, व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट, अर्थिंग समोर उभं राहून तपासून घ्या आणि तारीख गिझरवर खडूने नव्हे, मार्करने लिहा. पुढच्या वर्षी 'कधी केलं होतं गं?' असं विचारायची वेळ येणार नाही.