एका पंपावर तीन टाक्या

कफ परेडच्या मच्छीमार नगराला भरती दिवसातून दोनदा भेटते. उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि होड्यांखालचं पाणी आपसूक बदलतं. घरातल्या काचेच्या टाकीत हेच काम पंपाच्या गळ्यात पडतं, तेही चोवीस तास. म्हणून घरात दोन-तीन फिशटँक असतील तर प्रत्येकाला वेगळा फिल्टर, वेगळा हीटर लावण्यापेक्षा ते पाइपांनी एकमेकांना जोडावेत, असं मला मनापासून वाटतं.

साठ लिटरच्या तीन टाक्या घ्या. खाली 80 लिटरचा सम्प, म्हणजे फिल्टर आणि पंपाची कप्प्यांची टाकी, ठेवा आणि त्यात 60 लिटरच पाणी भरा. आता प्रत्येक मासा 240 लिटर पाण्यात राहतो. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. थोड्या पाण्यात तो झपाट्याने चढतो, जास्त पाण्यात सावकाश. सम्पमधल्या सिरॅमिक रिंगांवर बसलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हा थर धरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली रिंगा धुतल्या की क्लोरीन त्यांचा घात करतं. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात त्या विसळाव्यात.

पंप पाणी वर चढवतो, खाली ते स्वतःच्या वजनाने येतं. त्यासाठी काचेला कडेजवळ ओव्हरफ्लोचं भोक पाडावं लागतं, आणि टफन्ड काचेला ते पाडताच येत नाही, तिचा चुरा होतो. भोक नको म्हणून काही जण शेजारच्या टाक्यांवर उलटा यू-पाइप टाकतात. त्यात हवा साचली की सायफन तुटतो. पंप मात्र पाणी ढकलतच राहतो आणि ते फरशीवर येतं. शेजारी खालच्या मजल्यावर राहत असतील तर हा मार्ग धरूच नये.

वीज गेली की या रचनेची खरी परीक्षा होते. पंप थांबतो आणि ओव्हरफ्लोच्या कडेवरचं पाणी खाली उतरतं. टाकी 60 बाय 30 सेंटिमीटरची असेल आणि 3 सेंटिमीटर पाणी उतरलं, तर एका टाकीतून 5.4 लिटर, तिघींतून सुमारे 16 लिटर. सम्पमध्ये 20 लिटरची जागा रिकामी ठेवली ती यासाठीच. वर जाणाऱ्या पाइपाचं तोंड खोल बुडलेलं असेल तर त्यातूनही पाणी उलटं ओढलं जातं. पृष्ठभागाच्या किंचित खाली त्या पाइपाला बारीक भोक पाडलं की तिथून हवा शिरते आणि सायफन मोडतो. नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये, त्यात शेवाळ अडकतं.

हीटर सम्पमध्येच असावा, पण पंपाच्या कप्प्यात नको. बाष्पीभवनाने पातळी घटते ती त्याच कप्प्यात, आणि उघडा पडलेला हीटर तडकतो. एका 300 वॉटच्या हीटरपेक्षा 150 वॉटचे दोन बरे. एकाचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तरी निम्मीच उष्णता मिळते. एक बंद पडला तर दुसरा निभावून नेतो. दोघे मिळून 240 लिटर पाणी एका अंशाने तापवायला जवळपास 56 मिनिटं घेतात, तेही उष्णता कुठे निसटली नाही तर. कुलाब्याची जानेवारीतली रात्र सांताक्रूझपेक्षा बहुधा उबदार असते, त्यामुळे इथे हीटरला मोजकेच आठवडे राबावं लागतं. मे महिना जास्त कठीण. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. उंचावरून सम्पमध्ये पडणारं पाणी हवा ओढून घेतं. उन्हाळ्यात तेच मोठा आधार.

जोडणीला मर्यादाही आहेत. सगळ्यांचं पाणी एक म्हणजे तापमानही एक: डिस्कसला 28-30 अंश हवेत, गोल्डफिशला त्याहून बरंच गार. चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात, 1951 साली उघडलेल्या त्या संस्थेत, समुद्राचे आणि गोड्या पाण्याचेही मासे होते; त्यांचं पाणी कधी एक करता येणार नव्हतं.

आजारही सामायिक होतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी पाण्यात पोहत पुढच्या टाकीत जातो, आणि औषध द्यायचं तर पूर्ण 240 लिटरला. काही औषधं रिंगांवरच्या जिवाणूंनाही मारतात. म्हणून क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या, न जोडलेल्या छोट्या टाकीत ठेवावा. तिची जाळी आणि बादलीही वेगळी.