दूरची प्रत (लेखांक ७) : आधी कीर्द, मग खतावणी

पेढीवरच्या जुन्या मुनीमाचा एक नियम असे : व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवायचा, मग खतावणीत. मेनफ्रेमवरचा डेटाबेस आजही हाच नियम पाळतो. खात्यातली शिल्लक बदलण्याआधी तो त्या बदलाची नोंद लॉगमध्ये करतो. मध्येच वीज गेली, तरी लॉग वाचून अर्धवट व्यवहार पुरा करता येतो किंवा मागे घेता येतो. हा लॉग आणि ही खाती ज्या डिस्कवर असतात, तिचीच प्रत आता दुसऱ्या गावात हुबेहूब ठेवायची आहे. यात डेटा किती मोठा आहे यापेक्षा नोंदींचा क्रम राखणे जास्त अवघड, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत सरळ मार्ग सिंक्रोनस प्रतीचा. आयबीएमच्या यंत्रणेत त्याला मेट्रो मिरर म्हणतात. जुनी मंडळी अजून पीपीआरसी म्हणतात. दूरच्या डिस्कने पोच दिल्याशिवाय इथल्या प्रोग्रामला ‘लिहून झाले’ असे सांगायचेच नाही, हे त्याचे तत्त्व. किंमत मोजायची ती वेळात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटरवर जाऊन परत यायला १ मिलिसेकंद. ऐकायला क्षुल्लक, पण रात्रीच्या बॅचमध्ये एकापाठोपाठ एक अशा १० लाख नोंदी लिहायच्या असतील, तर जवळजवळ १७ मिनिटे नुसती वाट बघण्यात जातात. ५०० किलोमीटरवर हाच आकडा ८३ मिनिटांवर पोचतो.

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत हे गणित सरकारी धोरणाच्या आड आले. मॅनहॅटनमधल्या काही वित्तसंस्थांची पर्यायी जागा मुख्य कार्यालयाच्या शेजारीच होती. एकाच आघातात दोन्ही वापराबाहेर गेल्या. २००२ च्या मसुद्यात नियामकांनी किमान अंतराचा प्रश्न काढला, २०० ते ३०० मैलांचा उल्लेखही केला. इतक्या दूर सिंक्रोनस प्रत चालवता येणार नाही, असा संस्थांचा आक्षेप आला. एप्रिल २००३ च्या अंतिम मजकुरात अंतराचा आकडा उरला नाही. हा निर्णय मला योग्य वाटतो. प्रकाशाचा वेग कोणत्याही परिपत्रकाने वाढत नाही.

लांब जायचे तर असिंक्रोनस प्रत घ्यावी लागते : इथले काम थांबत नाही, नोंदी मागाहून जातात, आणि आघात झाला तर शेवटचे काही सेकंद बुडतात. ते सोसता येते. खतावणीतली नोंद पोचली आणि कीर्दीतली वाटेतच राहिली, हे मात्र सोसता येत नाही, कारण मग तिकडच्या डेटाबेसला खरे काय ते कळायला मार्गच उरत नाही. आयबीएमच्या एक्सआरसी पद्धतीत मेनफ्रेम प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का मारतो. सिस्टिम डेटा मूव्हर नावाचा प्रोग्राम वेगवेगळ्या डिस्क-पेट्यांतून आलेल्या नोंदी त्या शिक्क्यांनुसार लावतो आणि सुसंगत गठ्ठे करूनच दूरच्या डिस्कवर उतरवतो. अनेक मेनफ्रेम एकत्र काम करत असतील, तर त्यांची घड्याळे तंतोतंत जुळलेली असावी लागतात; घड्याळ चुकले की क्रमही चुकला.

सिंक्रोनस प्रतीलाही हा धोका चुकत नाही. आग एका क्षणात सगळे गिळत नाही. आधी एका पेटीची तार तुटते, दुसरीची आणखी काही सेकंद चालू राहते. तेवढ्यात दूरची प्रत विस्कटू शकते. म्हणून पहिली तार तुटताच मूळ डिस्क आणि तिची प्रत अशा सर्व जोड्या एकदम गोठवतात. जीडीपीएससारखी स्वयंचलित व्यवस्था मुख्यतः यासाठीच लागते. माणसाचा हात तिथे वेळेवर पोचत नाही.

बऱ्याच मोठ्या बँका आता दोन्ही मार्ग जोडतात : जवळच्या गावी सिंक्रोनस प्रत, दूरच्या प्रांतात असिंक्रोनस.

तुमच्या संस्थेत अशी व्यवस्था असेल, तर एक गोष्ट तपासून पाहा. कुणी चुकून एखादी फाइल पुसली, तर ते पुसणेही तितक्याच इमानाने दुसऱ्या गावी पोचते. कालच्या तारखेची वेगळी, न बदलणारी प्रत तुमच्याकडे आहे ना? ती कशी घेतात, ते पुढच्या आठवड्यात.