छंदाचं मोल (भाग ७) : क्रमांक कोरलेला चाकू

वसई-विरारच्या घरांत घडीचा चाकू यायचा तो बहुधा गल्फमधल्या नाहीतर बोटीवरच्या नातेवाइकाच्या बॅगेतून. लाल मुठीचा, पांढऱ्या क्रॉसचा स्विस चाकू. त्याची कात्री नखं कापायला, पातं आंबा कापायला, आणि उरलेल्या अवजारांचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसायचं. आता त्याच घरातली तरुण मंडळी ‘लिमिटेड एडिशन’ मागवतात. पात्यावर अनुक्रमांक, लाकडी पेटी, सहीचं प्रमाणपत्र, आणि किंमत साध्या चाकूच्या कितीतरी पट. टपाल तिकिटांवरचा मागचा भाग वाचून अनेकांनी विचारलं, की हे पैसे वसूल होतात का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हौस म्हणून होतात, गुंतवणूक म्हणून आपल्याकडे जवळजवळ कधीच नाही.

आधी हे पैसे नेमके कशाचे ते बघू. पोलादाचे तर नक्कीच नाहीत. चाकूंच्या जाहिरातीत ‘डी-टू’ हे नाव मोठ्या अक्षरात छापतात. गोखिवरे-वालीवच्या गाळ्यांत प्रेस टूल बनवणाऱ्या कारागिराला ते वाचून हसू येईल. साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असलेलं हे पोलाद त्याच्या लेखी रोजचं डायचं पोलाद आहे, आणि खिशातल्या चाकूच्या पात्याला ते मूठभरही लागत नाही. पाणी देणं, घासणं, पातं हलू न देता बिजागरी मऊ चालवणं ही खरी कारागिरी. तिचे पैसे द्यावेत. पण तीच कारागिरी त्याच कंपनीच्या साध्या चाकूतही असते. वर मोजलेले पैसे असतात ते मर्यादेचे.

आणि ही मर्यादा ठरवते कंपनी. व्हिक्टोरिनॉक्सचंच बघा. 1884 साली कार्ल एल्सेनर यांनी स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी सुरू केलेला हा कारखाना. 1891 मध्ये त्यांनी स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. आज ही कंपनी दोन तऱ्हांनी मर्यादा घालते. दमास्कस पात्याच्या चाकूंवर क्रमांक असतो, म्हणजे नग मोजके. अ‍ॅलॉक्स मुठीच्या मालिकेत मात्र दर वर्षी एक नवा रंग येतो, आणि तो त्या वर्षापुरताच. इथे मर्यादा वर्षाची आहे, नगांची नाही. शिवाय पुढच्या जानेवारीत नवा रंग हजर! संग्राहकाला ‘संच पूर्ण करायचाय’ ही खाज लावून देणारी ही योजना आहे. ती मला लबाड वाटत नाही, पण तिला दुर्मिळता म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरी दुर्मिळता ठरवून येत नाही. अमेरिकेतल्या केस कंपनीने 1970 पासून पात्याच्या बुडाशी दहा ठिपके उमटवले आणि दर वर्षी एकेक ठिपका कमी केला. त्यावरून चाकूचं साल ओळखता येऊ लागलं. तो चाकू शेतकरी वापरत, हरवत, झिजवत. त्यातून जे कोरे वाचले त्यांना आज मागणी आहे. पण त्या मागणीमागे दरपुस्तिका आहेत, चाकूंची प्रदर्शनं आहेत, ठिपके मोजणारे हजारो लोक आहेत. वस्तू विकायची तर समोर दुसरा वेडा लागतो, आणि तो आपल्याकडे फारसा सापडत नाही. परदेशातून चाकू आणताना वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी असं सगळं भरायचं. विकताना घेणारा म्हणतो, ‘वापरलेला ना? मग निम्म्यात द्या.’

त्यात आपली हवा. सात-आठ महिने दमट, खाडी आणि समुद्र दोन्हीकडे. चाकू कातडी म्यानात ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि पात्यावर बारीक खड्डे पडतात. कार्बन पोलादाचं पातं तर पहिल्या पावसाळ्यातच डागाळतं. मशीन ऑइलचा पातळ हात, वर मेणकागद आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं तरी हवंच. ‘कोरा’ हा शब्द गेला की लिमिटेडची निम्मी किंमतही गेली, हे धरूनच चाला.

कायद्याचंही थोडं. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीची आणि उद्योगाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. खिशातला चाकू या मापात बसत नाही, पण म्हणून तो खिशात घालून विरार लोकल पकडावी असं नाही. पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रं बाळगण्यावर बंदी घालतात तेव्हा सुऱ्या-चाकूंचाही उल्लेख असतो. 1 ऑक्टोबर 2020 पासून आपल्याकडेही मीरा-भाईंदर, वसई-विरारचं आयुक्तालय आहे. तेव्हा संग्रह कपाटातच बरा. तिकडे व्हिक्टोरिनॉक्सच्या एल्सेनर घराण्यातल्या प्रमुखांनी 2024 मध्ये सांगितलं, की बिनपात्याच्या अवजारावर काम चालू आहे. जगभर चाकूंवरचे निर्बंध वाढताहेत, हे त्यामागचं कारण. तसं झालं तर आजच्या पात्याच्या चाकूंना भाव येईल, असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. या कारखान्यातून कोट्यवधी चाकू बाहेर पडलेत.

मग पात्याला किंमत येते तरी कशाने? एप्रिल 2025 मध्ये लंडनला सॉदबीच्या लिलावात नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. राज्य सरकारने ती मिळवली, सुमारे 47 लाख 15 हजार रुपये खर्च आला, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पातं युरोपीय घडणीचं. अशी पाती त्या काळी व्यापारातून भरपूर येत, पोर्तुगीजांच्या बंदरांतूनही येत, आणि मराठ्यांच्या मुठींवर चढत. म्हणजे जात म्हणून ती एकमेव नव्हे. पण पात्यावर सोन्याच्या अक्षरांत रघुजींचं नाव आहे, आणि किंमत चढली ती त्या नावामुळे. 2023 मध्ये टिपू सुलतानाची शयनकक्षातली तलवार बॉनहॅम्सने 1 कोटी 40 लाख पौंडांना विकली, त्यालाही कारण टिपूच. वस्तू कुणाच्या हातात होती, याला लोक पैसे मोजतात. कारखान्यातून कितव्या क्रमांकाने निघाली, याला फक्त पहिला गिऱ्हाईक मोजतो.

हाच न्याय थोड्या पैशात लावायचा असेल तर माझी शिफारस अडकित्त्याची आहे. तोही पात्याचा, तोही कमरेच्या चंचीतला. पुण्यात दिनकर केळकरांनी जमवलेल्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं दालन बघून या. मोर, घोडे, माणसं, एकासारखा दुसरा नाही, आणि एकावरही क्रमांक नाही. पानमळ्यांच्या वसईत तर तो जुन्या घराच्या माळ्यावर नाहीतर आजीच्या पानाच्या डब्यात अजूनही निघतो. भंगारात देण्याआधी कुणाचा होता ते विचारा, चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

आणि तरीही लिमिटेड चाकूच हवा असेल, तर घ्या. मात्र ज्या वर्षी मूल झालं किंवा घर घेतलं त्या वर्षाचा एक रंग घ्या, आणि त्याने आंबा कापा. पुढच्या आठवड्यात एचएमटीची घड्याळं.