‘बॉल लागला की नाही?’ रोबोंच्या लगोरीत हा वाद कसा मिटला? स्पर्धेचे नियम असे ठरवतात रोबोचं डिझाइन

लहानपणी लगोरी खेळला असाल तर एक भांडण नक्की आठवत असेल. बॉल पाठीत बसला, असं अख्खा विरुद्ध संघ शपथेवर सांगतोय आणि लगोरी रचणारा म्हणतोय, ‘लागलाच नाही, शर्टाला घासून गेला.’ शेवटी ज्याचा बॉल, त्याचा निकाल.

हेच भांडण २०२२ मध्ये रोबोंच्या मैदानात येऊन ठेपलं. आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या ‘एबीयू रोबोकॉन’ स्पर्धेचं यजमानपद त्या वर्षी भारताकडे होतं. यजमान देशानं आपल्या मातीतला खेळ द्यायचा, असा इथला रिवाज आहे. २००८ मध्ये ही स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. २०२२ साठी निवडली गेली लगोरी.

पण रोबोला पाठ कुठे असते?

डोक्यावरचा बॉल

प्रत्येक संघाचे दोन रोबो. एकानं बॉल मारून पाच चकत्यांची लगोरी फोडायची, दुसऱ्यानं ती पुन्हा रचायची. तोवर विरुद्ध संघाचा रोबो बॉल मारत राहणार. आता यंत्राला बॉल ‘लागला’ हे पंचांनी कसं ठरवायचं? सेन्सर लावायचे तर ते प्रत्येक देशाच्या रोबोवर सारखेच चालायला हवेत. कॅमेरा बघायचा तर प्रत्येक फेरीनंतर थांबायला हवं.

नियम करणाऱ्यांनी सोपी युक्ती काढली. रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक बॉल ठेवायचा. विरुद्ध संघानं तो नेम धरून पाडायचा. बॉल डोक्यावर आहे किंवा खाली पडलाय. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते दिसतं, वादाला जागाच नाही.

माझ्या मते हा अलीकडच्या काळातल्या सर्वांत हुशार नियमांपैकी एक आहे. कारण त्यानं भांडण तर मिटवलंच, शिवाय रोबोंचं डिझाइनही बदललं. रचणाऱ्या रोबोला चकत्या नेमक्या एकावर एक बसवण्यासाठी स्थिर राहायला हवं आणि डोकं वाचवण्यासाठी सतत हलायलाही हवं. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. मारणाऱ्या रोबोला स्थिर लगोरीवर नेम धरून भागत नाही, हलतं डोकं टिपावं लागतं. नियमात एक बॉल वाढला आणि चाकं, तोफ, पकड या सगळ्याचं गणित बदललं.

इंजिनिअरिंगला असताना आमच्या टीमनं हे वजनाच्या बाबतीत अनुभवलंय. तपासणीच्या टेबलावर रोबो दीड किलो जास्त भरला. मग रात्रभर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना ड्रिलनं भोकं पाडत बसलो. सकाळी रोबो पास झाला, पण दिसत होता चाळणीसारखा. रूलबुकातली ती ओळ सगळ्यांनी वाचली होती. वजनकाट्यावर रोबो आधी कुणीच ठेवला नव्हता.

गुण कुठे, रोबो तिथे

नियमांइतकाच रोबो घडवतो तो गुणांचा तक्ता. अमेरिकेतल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या शालेय स्पर्धेचा २०१५ चा खेळ बघा. खोकी एकावर एक रचायची, प्रत्येक खोक्याला २ गुण. सहा खोक्यांच्या थप्पीचे झाले १२. पण थप्पीवर कचऱ्याचा डबा ठेवला की डबा जितक्या उंचीवर, त्याच्या चौपट गुण. म्हणजे सहाव्या खोक्यावरचा एक डबा एकटाच २४ गुणांचा, अख्ख्या थप्पीच्या दुप्पट.

आणि डबे मोजकेच. चार डबे मैदानाच्या बरोबर मधोमध, जो आधी ओढेल त्याचे. परिणाम? तगड्या संघांनी हे डबे सेकंदाच्या छोट्याशा अंशात खेचून घेणारे हात बनवले. अडीच मिनिटांच्या सामन्याचं पारडं बरेचदा पहिल्या क्षणीच झुकायचं. थप्पी रचायला आठवडे घालवलेली मुलं मग उरलेला वेळ काय करणार?

याच स्पर्धेत २०१० मध्ये वेगळीच गंमत झाली. खेळ फुटबॉलसारखा, तीन रोबो विरुद्ध तीन. प्रतिस्पर्ध्याला चिरडू नये या चांगल्या हेतूनं ठरवलं, की क्रमवारीसाठी हरणाऱ्यांनाही जिंकणाऱ्यांच्या गुणसंख्येइतके गुण द्यायचे. काही संघांनी आकडेमोड केली आणि सरळ सहाही रोबोंनी एकाच बाजूसाठी गोल करावेत, असं ठरवलं. कोण जिंकलं याला अर्थच उरला नाही, गुण सगळ्यांना भरपूर. शेवटी जिंकणाऱ्याला जादा गुण देण्याची दुरुस्ती हंगाम चालू असतानाच करावी लागली. मुलांनी फसवणूक केली असं मला वाटत नाही. त्यांनी रूलबुक नीट वाचलं, इतकंच.

तुमच्या कॉलेजात स्पर्धा असेल तर?

टेकफेस्टसाठी रूलबुक लिहायला बसलेल्या ज्युनिअर्सना मी एकच सांगतो. नियम लिहून झाले की आपलाच खेळ बिघडवायला बसा. सर्वांत आळशी रोबो कोणता, जो काहीच न करता जिंकेल? गोलसमोर नुसता आडवा पडून राहिला तर? रोबो सुरुवातीला चौकटीत मावला, पण नंतर हात-पाय पसरले तर? आणि ज्या टीमकडे साध्या डीसी मोटर्स आणि प्लायवूडच आहे, तिला दहा गुण तरी मिळवता येतील असं एखादं सोपं काम मैदानात ठेवलंय का? हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. मग पहिल्याच वर्षी शून्यावर बाद झालेली टीम पुढच्या वर्षी फिरकत नाही.

एवढं करूनही कुणीतरी पळवाट शोधतंच. २००२ च्या ‘फर्स्ट’ स्पर्धेत ढकलता येणारे गोल आपल्या भागात न्यायचे होते. सगळे ताकदवान मोटर आणि चांगल्या पकडीच्या चाकांमागे लागले. इंडियाना राज्यातल्या हॅमंडच्या ७१ क्रमांकाच्या संघानं गोल पकडल्यावर चाकं टेकवलीच नाहीत. त्यांच्या रोबोनं खाली पाय सोडले. पायांच्या तळव्यांना कानस साफ करायचे तारेचे ब्रश लावले होते. ते गालिच्यात रुतले आणि रोबो इंचाइंचानं चालू लागला. त्याला हलवणं बाकीच्यांना जमेना. तो संघ विजेत्या आघाडीत होता.

मैदानाच्या गालिच्यावर पकड घेण्यासाठी धातू, सँडपेपर किंवा खिळे लावलेले चाक-पाय चालणार नाहीत, असं या स्पर्धेच्या रूलबुकात आता लिहिलेलं असतं.