एसएमपीएसचा कपॅसिटर: मायक्रोफॅरड आणि व्होल्टच्या पलीकडे

एसएमपीएस बंद पडला, फुगलेला कपॅसिटर दिसला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टचा नवा बसवला, आणि काही महिन्यांत तोही गेला. असे झाले की दोष नशिबाला किंवा कारागिराला मिळतो. खरे तर ‘आकडे जुळले की कोणताही कपॅसिटर चालतो’ हा समजच चुकीचा आहे.

स्विचिंग सप्लायच्या आउटपुटवरचा कपॅसिटर सेकंदाला हजारो वेळा भरतो आणि रिकामा होतो. त्यातून वाहणारा रिपल करंट आणि त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, मिळून उष्णता तयार करतात. 2 अँपिअर रिपल आणि 0.1 ओहम ईएसआर असेल तर कपॅसिटरच्या पोटात 0.4 वॉट उष्णता होते, ईएसआर 0.02 ओहम असेल तर फक्त 0.08 वॉट. बाहेरून दोघांवर छापलेले असते तेच: 1000 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट.

म्हणून नुसते जपानी नाव पाहूनही भागत नाही. त्याच कंपनीची सर्वसाधारण मालिका या कामाची नसते. पॅनासॉनिकची एफआर, रुबिकॉनची झेडएलएच, निचिकॉनची एचई अशा कमी ईएसआरच्या मालिका मागाव्यात आणि डेटाशीटमध्ये 100 किलोहर्ट्झचा रिपल आकडा पाहावा.

‘105 अंश, 2000 तास’ वाचून काहींना वाटते, हा तीन महिन्यांत मरणार. ते आयुष्य पूर्ण 105 अंशांवरचे असते. तापमान दर 10 अंशांनी उतरले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. 65 अंशांवर 32,000 तास, म्हणजे अखंड चालवला तरी साडेतीन वर्षांहून जास्त. तेवढ्याच तासांचा 85 अंशांचा कपॅसिटर तिथे 8,000 तासच टिकेल. हीटसिंकला चिकटून असलेल्या जागी तर 5,000 तासांचाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

फुगला नाही म्हणजे चांगला, असेही नाही. इलेक्ट्रोलाइट सुकत जातो, ईएसआर वाढतो आणि टोपी सपाटच राहते. साध्या मल्टिमीटरवर मायक्रोफॅरड बरोबर दिसू शकतात. त्यासाठी ईएसआर मीटरच हवा. कंट्रोल आयसीजवळचा 47 मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर असाच निसटतो, आणि सप्लाय सुरू होऊ पाहतो, थांबतो, पुन्हा सुरू होऊ पाहतो.

क्षमता मनाने वाढवू नये. 1000 च्या जागी 4700 घातला तर सुरू होताना आयसीला तो ओव्हरलोड वाटू शकतो. मेनच्या बाजूला मात्र व्होल्टेज वाढवण्यात शहाणपण आहे. 230 व्होल्टचे रेक्टिफाय झाल्यावर 325 होतात, पण लोड उतरून लाइन 270 वर गेली की 382. तिथे 400 चा कपॅसिटर काठावर येतो. जागेत मावत असेल तर 450 चा घ्या.

आणि प्लग काढला की धोका संपला, हे मुळीच खरे नाही. त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता योग्य वॉटेजच्या रेझिस्टरमधून ते उतरवा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच सोल्डरिंग आयर्न उचला.