अब्बांची येझदी आणि बहिणीची सही

रमजान म्हटलं की आमच्या बिगरमुस्लिम मित्रांना आधी शीरखुर्मा आठवतो, मग रोजा किती वाजता सुटतो हे विचारलं जातं. पण हा हिशेबाचाही महिना आहे. बरीच घरं जकातीचं वर्ष रमजान ते रमजान धरतात. सोनं, बचत, दुकानातला माल, लोकांकडची येणी मांडायची, देणी वजा करायची आणि उरलेली रक्कम ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर अडीच टक्के गरजूंसाठी बाजूला काढायचे. राहतं घर, अंगावरचे कपडे, वापरातली गाडी यांवर जकात नाही.

आमच्याकडे यंदा या वहीत एक नोंद अडकली. "मागच्या पडवीतली गाडी कुणाच्या नावावर मांडायची?" अम्मीने विचारलं. त्यावर जकात लागत नव्हतीच. पण प्रश्न मालकीचा होता, आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं.

गाडी म्हणजे अब्बांची येझदी, २५० सीसीची, दोन सायलेन्सरवाली. पालघरहून बोईसरला, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते तिच्यावरूनच शिफ्टला जात. पावसाळ्यात लोकल रखडल्या की पालघर-बोईसर रस्त्यावर अशा गाड्यांची रांग लागायची. नंबर एमएच-०४, म्हणजे आपण ठाणे जिल्ह्यात होतो तेव्हाचा. अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती ताडपत्रीखाली होती. कुणी विकली नाही, कुणी वापरलीही नाही.

या गाडीचं आपल्या भागाशी एक नातं आहे, ते फार जणांना ठाऊक नसतं. चेक कंपनीच्या परवान्याने म्हैसूरला १९६१ पासून जावा बनायला लागली. तो आयडियल जावा कारखाना काढणारे रुस्तम आणि फारूख इराणी. पुढे १९७३ पासून गाडीवर येझदी हे नाव आलं, म्हणजे इराणमधल्या यज्द शहराची. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्या ज्या इराणी मंडळींनी वाढवल्या, त्यांतल्या कितीतरी घरांची मुळंही त्याच यज्दच्या आसपासची. कारखाना १९९६ साली बंद पडला. नाव २०२२ मध्ये नव्या कंपनीने परत आणलं, पण ती गाडी वेगळी, इंजिन वेगळं. जुनीचे सुटे भाग आजही शोधून, विचारून, कधी कुणाच्या भंगारातून मिळवावे लागतात.

भंगारवाल्याने ४,००० रुपये सांगितले होते. अम्मीने वहीवरच वाटणी करून दाखवली. आजी-आजोबा आधीच गेलेले, अब्बांवर कर्ज नव्हतं. तेव्हा बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे ५००. उरले ३,५००. आम्ही दोन भाऊ, एक बहीण. भावाला दोन वाटे, बहिणीला एक. म्हणजे आम्हाला १,४०० प्रत्येकी आणि आपाला ७००. धाकटा म्हणाला, "सातशे रुपयांसाठी आपाला काय विचारायचं, ती माफच करेल."

अम्मी वहीतून वर न बघता म्हणाली, "माफ करायचं की नाही ते ती सांगेल. तू नाही."

हे वाक्य मला फार मोठं वाटतं. मुलीचा हिस्सा कुरआनात सांगून ठेवलेला आहे, तरी बहिणीने तो 'सोडला' असं भाऊच परस्पर जाहीर करतात, आणि ती माहेर तुटेल या भीतीने गप्प राहते. हिंदू घरांत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, पण हक्कसोड पत्रावर सही घ्यायला राखीपौर्णिमेचा मुहूर्त साधणारे भाऊ आपल्याच गावात आहेत. या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच.

आपाला फोन लावला. ती म्हणाली, "हिस्सा नको, पण विकूही नका. आधी चालू करा. मग कुणाच्या नावावर करायची ते सगळे मिळून ठरवू, तेव्हा मी सही देईन."

म्हणून बोईसरच्या एका जुन्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी आल्याआल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे धाकट्याला किक मारण्यापासून थांबवलं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टन आणि सिलिंडर गंजाने एकमेकांना चिकटलेले असू शकतात. जोर लावला तर रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडे जातात. (येझदीत गिअरचाच दांडा आत दाबून वर वळवला की किक होते, हे नव्या पोरांना सांगूनही पटत नाही.) त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून थोडं ऑइल आणि डिझेल सोडलं आणि म्हणाले, "आता दोन दिवस हिला हात लावू नका."

टाकीत जुनं पेट्रोल होतं, वास वार्निशसारखा. कॉक गंजून बसलेला. एरवी नळी घालून तोंडाने ओढायची पद्धत. पण मिस्त्रींना रोजा. शेजारचे वेल्डिंगवाले काका पुढे सरसावले, "द्या इकडे, मला कुठे रोजा आहे?" मिस्त्रींनी त्यांनाही अडवलं. पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेला तर माणूस दवाखान्यात जातो, मग रोजा असो वा नसो. शेवटी टाकीच उतरवून उपडी केली. आत तांबडा गाळ. आपल्याकडचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस अर्धी रिकामी टाकी सोडत नाही. बारीक खडी आणि रॉकेल घालून टाकी अर्धा तास हलवली, मग व्हिनेगर भरून रात्रभर ठेवली, धुऊन उन्हात वाळवली.

एका सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. एअर फिल्टरमध्ये उंदराचं बिछाना. कार्बोरेटरच्या जेटमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा डिंक. केसाएवढं भोक, ते बंद तर गाडी बंद. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, तेव्हा कुठे प्लगला निळी ठिणगी दिसली. ठिणगी तपासताना त्यांनी पेट्रोलचा डबा अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवायला लावला.

खरा खर्च निघाला तो क्रँकच्या ऑइल सीलचा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या पेटीतून जातं, म्हणून ती पेटी हवाबंद हवी. उभ्या गाडीत रबर सुकून कडक होतं. मग एका बाजूने हवा शिरते, दुसऱ्या बाजूने गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबतच नाही. इंजिन खोलणं आलं. पेट्रोलची नळीही बदलली, कारण आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतली ओल धरतं. टायर वरून चांगले दिसत होते, पण बाजूंना भेगा. ते सरळ बाद.

सीलसाठी आठवडा गेला. नंतर एका संध्याकाळी, मगरिबला तासभर असताना, पाचव्या-सहाव्या किकला ती उठली. अंगण निळ्या धुराने भरलं. आतून अम्मी ओढणीने नाक झाकत बाहेर आली आणि काही न बोलता दारात उभी राहिली. धाकट्याने आपाला फोन लावून तो सायलेन्सरजवळ धरला. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग ती म्हणाली, "ॲक्सिलरेटर सोड रे, अब्बा एवढं पिळायचे नाहीत."

रस्त्यावर मात्र गाडी अजून आलेली नाही. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरून नाव बदलायचं असा नियम आहे. आम्ही नऊ वर्षांनी जाणार, म्हणजे दंड आलाच. मृत्यूचा दाखला, आरसी बुक, बाकी वारसांचं संमतिपत्र लागेल. मूळ नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. ती मुदतही संपलेली, त्यासाठी २५ नंबरचा फॉर्म, गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर. शिवाय विमा आणि पीयूसी. घरात कुणाला जुनी गाडी चालू करायची असेल तर मिस्त्रीच्या आधी हे कागद बघावेत. इंजिनापेक्षा त्यांनाच जास्त वेळ लागतो.

संमतिपत्र टाइप करून आणलंय. नावाच्या जागी अम्मीचं नाव घातलंय. ही सूचना आपाची. अम्मीला सायकलसुद्धा चालवता येत नाही, म्हणून धाकट्याने थोडी कुरकुर केली. आपा शेवटच्या जुम्याला इफ्तारीला येणार आहे, सही तेव्हा होईल. तोवर मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे रोज संध्याकाळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. शेजारच्या काकू आता धुराची वेळ बघून वाळत घातलेले कपडे आत घेतात.