कॉसमॉस बियांपासून कसा वाढवायचा? आणि जंगलाजवळच्या गावात केशरी कॉसमॉस का टाळायचा?

रोपवाटिका जवळ नसली तरी कॉसमॉसमुळे फारसं अडत नाही. बियांचं एक पाकीट, ऊन येणारी जागा आणि आठ ते दहा आठवडे थांबायची तयारी, एवढ्यावर परसबाग फुलते. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातल्या चिचगडसारख्या गावात प्रश्न वेगळाच आहे: कोणत्या रंगाचं बी आणायचं?

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात. गुलाबी, पांढऱ्या, किरमिजी फुलांच्या कॉसमॉसची पानं शेपूसारखी बारीक असतात. पिवळ्या-केशरी फुलांच्या कॉसमॉसची पानं त्यापेक्षा रुंद, झेंडूच्या पानांची आठवण करून देणारी. दोन्ही मूळचे मेक्सिकोकडचे. १७९१ मध्ये स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस यांनी त्यांना शास्त्रीय नावं दिली.

पेरणी कधी करायची?

जूनमध्ये पेरलेला कॉसमॉस उंच वाढतो, पानांनी भरतो, पण फुलायला वेळ घेतो. यात बियांचा दोष नसतो. दिवस लहान होऊ लागले की या झाडाला कळ्या लवकर धरतात. चिचगडच्या अक्षांशावर जूनमधला दिवस जवळपास साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरमधला अकरा तासांपेक्षा थोडा कमी असतो. शिवाय जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात बी वाहून जातं किंवा कोवळी रोपं मुळाशी कुजतात. म्हणून पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेलं बरं. धानाची कापणी-मळणी उरकेपर्यंत झाडं कळ्यांवर येतात.

बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकून वर भुरभुरीत माती पसरायची. पाणी झारीनेच द्यायचं. साधारण आठवडाभरात कोंब दिसतात. रोपं बोटभर झाली की विरळणी करून दोन रोपांत फूटभर अंतर ठेवायचं. हात अडखळतो, पण दाटीत झाडं काटकुळी होतात. रोप फूटभर उंच झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात.

खताच्या बाबतीत मात्र बहुतेकांची माया नडते. शेणखत भरपूर घातलं की पानंच माजतात, फुलं कमी येतात. हलक्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत कॉसमॉस खूश असतो. धानाच्या बांधीतली पाणी धरून ठेवणारी माती कुंडीत भरायचीच असेल, तर त्यात वाळू मिसळावी.

केशरी का नको?

पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला पावसाळा संपताना पसरणारा केशरी गालिचा याच कॉसमॉसचा आहे. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात, काही जण त्याला सोनकीही समजतात. सोनकी सह्याद्रीतली आपली स्थानिक वनस्पती. हा बागेतून सुटलेला पाहुणा. त्याच्या लांब, टोकदार बियांना काटेरी अग्रं असतात. ती कपड्यांना, जनावरांच्या केसांना चिकटून दूर जातात. दाट उगवलेल्या कॉसमॉसखाली स्थानिक गवतांना आणि रानफुलांना जागा उरत नाही. शोभेसाठी आणलेली घाणेरी जंगलभर पसरल्याचं उदाहरण आहेच.

चिचगडच्या परिसरात जंगल आहे आणि २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही याच भागात आहे. त्यामुळे इथे गुलाबी-पांढरा कॉसमॉस निवडणं शहाणपणाचं. तोही आपोआप उगवतो, म्हणून सुकलेली फुलं बी धरण्याआधीच खुडायची. त्याने नव्या कळ्याही येत राहतात. पुढच्या वर्षासाठी चार-दोन फुलं झाडावर वाळू द्यावीत, बी काळपट झालं की काढून कागदाच्या पुडीत ठेवावं. हंगाम संपल्यावर उपटलेली झाडं ओढ्याकाठी किंवा रानाच्या कडेला टाकू नयेत. बी धरलेली असतील तर शेणखताच्या खड्ड्यातही नको.